पाच टक्के, बेचाळीस टक्के आणि आपला ग्लास: दारूचा हिशोब नेमका कसा धरायचा?

सांजवारा:
राम राम मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारे प्रश्न एकदाचे इथे टाकतो. मी अधूनमधून घेणाऱ्यांतला. आमच्या टोळक्यात हिशोब ठेवणारा आणि शेवटी सगळ्यांना घरी पोचवणारा बहुतेक वेळा मीच असतो, त्यामुळे असले प्रश्न माझ्याच गळ्यात पडतात. आणि दहा जणांना विचारलं तर बारा उत्तरं मिळतात.

बाटलीवर बिअर ५ टक्के, वाईन १२-१३, व्हिस्की ४२.८ असं लिहिलेलं असतं. मग "आपण बुवा फक्त बिअर घेतो" म्हणणारा खरोखर कमी पितो का? ते प्रूफ-बिफ काय प्रकरण आहे? एक पेग उतरायला किती वेळ धरायचा? लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची अंघोळ यातल्या कशानेही खरंच उतरते का? आणि मुद्द्याचं म्हणजे, सुरक्षित म्हणजे किती?

"पिऊच नका" हे उत्तर पाठ आहे, ते सोडून बोला.

रिकामटेकडा:
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. धागा शंभरी गाठणार.

आकडेमोड:
टक्के बाजूला ठेवा, ग्रॅम मोजा. टक्का सांगतो की द्रवात दारू किती दाट आहे. पोटात किती गेली हे टक्का आणि माप दोन्ही मिळून ठरतं.

सूत्र सोपं आहे: मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. शेवटचा आकडा म्हणजे अल्कोहोलची घनता, ते पाण्यापेक्षा हलकं असतं. आता लावा:
३३० मिलीची ५ टक्क्यांची बिअर: १३ ग्रॅम.
१५० मिली वाईन, १२ टक्के: १४ ग्रॅम.
३० मिलीचा स्मॉल, ४२.८ टक्के: १० ग्रॅम. लार्ज म्हणजे २०.

आणि ही खास "फक्त बिअर"वाल्यांसाठी: ६५० मिलीची स्ट्राँग बाटली, ८ टक्के. ४१ ग्रॅम. म्हणजे एका बाटलीत दोन लार्ज. अशा दोन बाटल्या रिचवून जो "मी हार्ड ड्रिंक घेत नाही" म्हणतो, त्याने चार लार्ज मारलेले असतात.

फेसाळ:
हा प्रतिसाद आमच्या घरी कोणी वाचू नये एवढीच प्रार्थना. इतकी वर्षं जपलेली प्रतिमा होती हो.

खवचट_खापर:
@फेसाळ, प्रतिमा पोटाने केव्हाच मोडली असेल. एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी, साखरेत ४.

जुनाट:
प्रूफबद्दल. दारूची तीव्रता सांगायचं हे जुनं माप. दोन पद्धती आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. अमेरिकन पद्धत सोपी, टक्क्याची दुप्पट. ४० टक्के म्हणजे ८० प्रूफ. जुन्या ब्रिटिश पद्धतीत १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. तुमच्या व्हिस्कीवरचा तो विचित्र ४२.८ तिथूनच आला आहे, ५७.१ चा पाऊण हिस्सा, म्हणजे ७५ डिग्री प्रूफ. कुणी मुद्दाम पॉइंट आठ लावलेला नाही.

५७.१ का, तर गोष्ट अशी सांगतात की बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवायची. पेटली तर माल खरा, फुसफुसली तर पाणी घातलेलं. खाली थोडं घसरलं की पेट घेत नाही.

अवांतर: यीस्ट स्वतःच बनवलेल्या अल्कोहोलमध्ये मरतं, त्यामुळे नुसतं आंबवून साधारण १५-१६ टक्क्यांच्या आसपास गाडी अडते. त्यापुढे जायचं तर ऊर्ध्वपातन. आणि साध्या ऊर्ध्वपातनानेही वजनाच्या हिशोबाने ९५.६ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, राहिलेलं पाणी वाफेबरोबरच येत राहतं.

रिकामटेकडा:
बंदुकीची दारू आणि दारू. मराठीने हे आधीच ओळखलं होतं म्हणायचं.

शंकासुर:
आकडेमोड यांच्याशी सहमत, पण एक पाचर मारतो. परदेशी लेखांत "एक ड्रिंक" लिहिलेलं असतं ते किती ग्रॅमचं? ब्रिटनचं युनिट ८ ग्रॅमचं, ऑस्ट्रेलियाचं ड्रिंक १० चं, अमेरिकेचं १४ चं, जपानमध्ये २० ग्रॅमचं माप धरतात. ब्रिटनने २०१६ मध्ये सांगितलं, आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका आणि तीही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून घ्या. आपल्याकडच्या फॉरवर्डमध्ये त्याचे "१४ ड्रिंक" होतात आणि वाचणारा खूश होऊन १४ लार्ज समजतो. प्रत्यक्षात ते ११२ ग्रॅम, म्हणजे अख्ख्या आठवड्यात साडेपाच लार्ज.

सांजवारा:
साडेपाच? आठवड्याला? आमच्याकडे काही मंडळी शनिवारीच तो कोटा संपवून रविवारचं उचल घेतात.

अंदाजपंचे:
आणि ते लार्जसुद्धा खरे लार्ज असतात का बघा. आमच्या घरच्या बैठकीत बाटली हातात घेऊन "बस बस" म्हणेपर्यंत ओतायची पद्धत. एकदा मुलीच्या खोकल्याच्या औषधाचं मिलीच्या खुणा असलेलं माप सापडलं म्हणून गंमत म्हणून मोजलं. रुंद बुडाच्या ग्लासात दोन बोटं ओतली, सगळ्यांच्या मते "स्मॉल". मापात ती ५० मिलीच्या जवळ निघाली. उंच अरुंद ग्लासात तीच बोटं बरीच कमी. तेव्हापासून घरात स्टीलचं ३०-६० चं माप आहे. पाहुणे त्याला कंजूसपणा म्हणतात.

डॉ_निशाचर:
रात्रपाळीला बसलो आहे, सध्या शांतता आहे, तेवढ्यात लिहितो.

दारू पचवावी लागत नाही. थोडी पोटातून आणि बरीचशी लहान आतड्यातून थेट रक्तात जाते. पोटात आधी काही असेल तर पोटाचं खालचं दार उशिरा उघडतं, त्यामुळे ती हळूहळू आतड्यात उतरते आणि रक्तातलं शिखर खाली राहतं. एकूण ग्रॅम तेवढेच, पण चढण कमी. हे खाणं आधी हवं. रिकाम्या पोटी चार पेग घेऊन मग जेवलात तर त्या जेवणाचा दारूशी फारसा संबंध उरत नाही.

आता उतरणं. नव्वद टक्क्यांच्या वर काम यकृत करतं. श्वास, लघवी, घाम यांतून जाते ती किरकोळ. यकृताचा वेग ठरलेला, साधारण तासाला ७ ते १० ग्रॅम. एकच खिडकी उघडी असलेलं तिकीटघर समजा. रांग दहाची असो की शंभराची, खिडकीवरचा माणूस आपल्याच चालीने तिकिटं फाडणार. कॉफीने तो घाई करत नाही. कॉफीने झोप उडते, म्हणजे आधी झोपलेला दारुडा होता, आता जागा दारुडा झाला, आणि जागा असल्यामुळे किल्ली मागतो. गार पाण्याची अंघोळ तर नकोच. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणून ऊब वाटते, पण शरीर आतून उष्णता घालवत असतं. त्यात पाय घसरला की डोकं फुटतं. ते टाकेही मग आम्हीच घालतो. लिंबूपाणी प्या, वाईट नाही, पण ते फक्त पाणी आहे.

ढोबळ आकडे देतो. ७० किलोच्या पुरुषाने दोन लार्ज, म्हणजे ४० ग्रॅम, पटकन घेतले तर रक्तात १०० मिलीला साधारण ८५ मिलिग्रॅम पातळी जाते. ती तासाला १५ च्या आसपास उतरते. शून्यावर यायला साडेपाच तास. ५५ किलोच्या स्त्रीने तेवढीच घेतली तर पातळी १३० च्या आसपास आणि उतरायला जवळजवळ नऊ तास. ही सरासरी आहे. यावरून गाडी चालवायची का ते ठरवू नका.

निळावंती:
डॉक्टर, हा फरक नुसता वजनाचा नाही हेही लिहा. दारू पाण्यात मिसळते, चरबीत जवळजवळ नाही. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, शिवाय पोटातच दारू थोडी मोडणारं एन्झाइमही कमी. म्हणून एकाच वजनाचे स्त्री-पुरुष असले तरी पातळी वेगळी येते. वय वाढलं की पाणी कमी होतं, तेव्हा साठीच्या काकांनाही हेच लागू.

हे सांगायचं कारण म्हणजे ऑफिसच्या पार्ट्या. "तू पण आमच्याबरोबर राऊंड घे" हा आग्रह मला बरोबरीचा हक्क म्हणून विकला जातो. माझा ग्लास अर्धा असताना कोणीतरी येऊन वरून भरतो, मग मी किती घेतली हे मलाच कळत नाही. हल्ली संपल्याशिवाय भरू देत नाही, हात आडवा धरते. तोंडं वाकडी होतात, होऊ देत.

फेसाळ:
+१. अर्धा भरलेला ग्लास वरून भरणाऱ्या जमातीवर बंदी हवी.

खवचट_खापर:
या सगळ्या गणिताला आमचा एक मित्र पुरून उरतो. सहा लार्जनंतर सरळ रेषेत चालतो, भाषा शुद्ध, बिल तपासून चूक काढतो. त्याला चढतच नाही. त्याचं यकृत कुठल्या कंपनीचं?

डॉ_निशाचर:
@खवचट_खापर, त्याला चढते, दिसत नाही. रोजच्या पिण्याने मेंदू सरावतो. यकृताचा वेगही नियमित पिणाऱ्यात थोडा वाढतो, पण सहा लार्ज पुसून टाकण्याइतका नाही. यंत्रात फुंकलं तर आकडा जवळजवळ तुमच्याएवढाच येईल. शिवाय सरळ रेषेत चालणं ही त्याची सवयीची गोष्ट. अचानक कोणी रस्त्यात आलं तर ब्रेकवर पाय पडायला वेळ तेवढाच लागणार. "मला चढत नाही" हे मी दवाखान्यात ऐकतो तेव्हा कौतुक वाटत नाही, पुढचा कागद रक्ततपासणीचा लिहितो.

पहाटपक्षी:
उतरण्याच्या वेळेवरून आठवलं. आमच्या कामाच्या ठिकाणी पाळी सुरू होताना श्वासाची तपासणी असते. एक सहकारी सकाळी आठला आला, दाढी-अंघोळ करून, ताजातवाना. रात्री एक वाजता थांबलो, नंतर सहा तास झोपलो, असं सांगत होता. यंत्राने घरी पाठवलं. तो यंत्राशी भांडला. पाच लार्ज म्हणजे १०० ग्रॅम, तासाला ८ ने साडेबारा तास. संध्याकाळी आठला पहिला घोट घेतला असेल तर हिशोब सकाळी साडेआठला मिटतो. झोप या हिशोबात कुठेच येत नाही, झोपेत यकृत जोरात धावत नाही.

कायदेशीर मर्यादा देशागणिक वेगळी असते. कुठे शून्य, कुठे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, कुठे ५०, कुठे ८०. पण गाडी आपल्याला आकड्याप्रमाणे झुकतं माप देत नाही. ५० च्या खालीही लक्ष आणि निर्णय ढिले होतात.

सांजवारा:
हा सकाळचा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता. बरं, पुढचा जुना वाद: बिअर आधी की व्हिस्की आधी? आमच्यात यावर दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांशी बेटीव्यवहार करत नाहीत.

आकडेमोड:
दोन्ही पंथ बरखास्त करा. २०१९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं, बिअर आणि व्हाईट वाईन घेऊन. काहींना आधी बिअर मग वाईन, काहींना उलट, आणि नंतर अदलाबदल. दुसऱ्या दिवशीच्या त्रासात क्रमाने फरक पडला नाही. किती चढली आणि उलटी झाली का, यावरूनच अंदाज बांधता येत होता.

वेगाला मात्र इतर गोष्टी कारण असतात. फसफसणारं मिक्सर काही लोकांत शोषण वाढवतं. साखरेच्या मिक्सरपेक्षा डाएट मिक्सरने पोट लवकर रिकामं होतं, म्हणून पातळी जास्त वर जाते. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळली तर कॅफिनमुळे गुंगी कळत नाही आणि माणूस आणखी पितो.

साखरझोप:
हँगओव्हरचं कोणीच बोललं नाही. दारू लघवी रोखणारं हार्मोन दाबते, म्हणून पाणी कमी पडतं. पण नुसतं तेवढंच नाही. आतड्याची जळजळ, मोडलेली झोप, रंगीत दारूतले इतर घटक हेही असतात. व्होडकापेक्षा बर्बन व्हिस्कीने डोकं जास्त धरतं ते त्यामुळेच. आणि "दारू घेतली की झोप मस्त लागते" हे अर्धसत्य. लागते लवकर, पण रात्रीच्या उत्तरार्धात तुटत राहते. घोरणाऱ्यांचं घोरणं वाढतं, शेजारच्याची झोप जाते ती वेगळीच.

शिवाय सकाळी उतारा म्हणून एक पेग घेणारे. तो उतारा नाही, तारीख पुढे ढकलणं आहे.

कोरडा_पाषाण:
मूळ प्रश्नाचं कोणीच उत्तर देत नाही म्हणून विचारतो. सुरक्षित किती? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सरळ म्हटलं, आरोग्यासाठी सुरक्षित अशी कुठलीही मात्रा नाही. त्यांच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्या शेजारी. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडं, स्तन. मग हे ग्रॅम-ग्रॅम खेळून उपयोग काय?

खवचट_खापर:
@कोरडा_पाषाण, धाग्याच्या पहिल्याच प्रतिसादाची अट मोडलीत. आणि पहिला गट म्हणजे पुरावा पक्का आहे, धोका तंबाखूएवढा आहे असं नव्हे. त्या गटात ऊनही आहे. आमचे आजोबा रोज रात्री थोडी घ्यायचे, नव्वदीत गेले. रेड वाईन हृदयाला चांगली, हे डॉक्टरच सांगायचे.

कोरडा_पाषाण:
आजोबा जगले ते दारूमुळे की दारू असूनही, हे एका आजोबांवरून कळत नाही. रेड वाईनचं म्हणाल तर जुन्या अभ्यासांत "न पिणारे" या गटात आजारपणामुळे सोडलेले लोकही मोजले जायचे. त्यांच्याशी तुलना केली की थोडी पिणारा ठणठणीत दिसणारच. ते लोक बाजूला काढले की फायदा बराच आटतो. गटाबद्दल मान्य, ऊनही त्या गटात आहे. पण उन्हात रोज संध्याकाळी मुद्दाम ग्लास भरून कोणी बसत नाही.

निळावंती:
तुमचं दोघांचं भांडण एका शब्दावर नाही, दोन वेगळ्या प्रश्नांवर आहे. "आरोग्याला फायदा म्हणून घ्यावी का?" याचं उत्तर "नाही". "घेणारच आहे, तर धोका कसा कमी ठेवू?" याला उत्तर ग्रॅम, वेग आणि परिस्थिती. कॅनडात २०२३ च्या सल्ल्यात आठवड्याला एक-दोन ड्रिंक म्हणजे कमी धोका, तीन ते सहा म्हणजे मध्यम, त्यापुढे वाढता, असा जिना दाखवला आहे. मला ही मांडणी पटते. शून्याची सक्ती नाही आणि "एवढी चालते" म्हणून पाठ थोपटणंही नाही.

आणि काही वेळा उत्तर शून्यच. गरोदरपणात सुरक्षित मात्रा माहीतच नाही, तिथे "थोडीशी वाईन चालते" म्हणणाऱ्या मावशांना बाहेर काढा. स्तनपान करत असाल तर दुधातली पातळी रक्ताबरोबर चढते-उतरते. दूध काढून टाकल्याने ती लवकर जात नाही, वेळच जावा लागतो.

मात्रा_कमी:
औषधांचा विषय राहिला. काउंटरवर बसतो, रोज पाहतो. "आज अँटिबायोटिक घेतलं, रात्री एक पेग चालेल का?" सगळ्या अँटिबायोटिकचं सारखं नाही, पण मेट्रोनिडाझोलच्या वेष्टनावर दारू टाळा असं लिहिलेलं असतं ते गंभीरपणे घ्या. झोपेच्या, घबराटीच्या गोळ्या आणि ओपिऑइड (अफूच्या जातीची) वेदनाशामकं दारूबरोबर घेणं सगळ्यात धोक्याचं, कारण दोघंही श्वास मंद करतात. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गुंगीच्या गोळ्याही त्याच वाटेच्या. रोज बरीच पिणाऱ्याने डोकेदुखीवर पॅरासिटामॉलचा मारा करू नये, यकृत आधीच कामात असतं. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनने पोटात रक्तस्रावाचा धोका.

मधुमेहींनो, विशेषतः इन्सुलिनवाल्यांनो: दारू यकृताचं साखर सोडण्याचं काम थांबवते. रक्तातली साखर दारू पिताना नाही, नंतर काही तासांनी, कधी पहाटे पडते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. बाजूचे म्हणतात जास्त झाली आहे, आणि झोपवून ठेवतात.

रिकामटेकडा:
शेवटचं वाक्य वाचून पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

डॉ_निशाचर:
तोच धागा पकडून, "झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल" या वाक्यावर. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात जातच असते, त्यामुळे शुद्ध हरपल्यानंतरही पातळी वाढत राहते. मरतात ते बहुतेक असेच. उलटी होते, घशाचं संरक्षण सुटलेलं असतं, उलटी फुप्फुसात जाते.

हाक मारून, हलवून, चिमटा काढून जागा होत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून मोठा खंड, ओठ, नखं निळसर, अंग गार, झटका. यातलं एकही दिसलं तर रुग्णवाहिका. सगळी लक्षणं जमायची वाट पाहू नका. लाजेचा प्रश्न नंतर.

येईपर्यंत कुशीवर वळवा. खालचा हात काटकोनात बाहेर काढा, वरच्या हाताचा पंजा गालाखाली सरकवा, वरचा गुडघा वाकवून जमिनीला टेकवा म्हणजे माणूस पालथा पडत नाही. डोकं किंचित मागे, तोंड खाली झुकलेलं, म्हणजे आलेलं बाहेर सांडेल. उताणं अजिबात नको. एकटं सोडू नका. बोट घालून उलटी काढायचा प्रयत्न नको, कॉफी नको, खांद्याला धरून फिरवणं नको.

शंकासुर:
आणि बनावट दारूचं? लोक म्हणतात काडी लावून बघायची, निळी ज्योत आली की खरी.

डॉ_निशाचर:
ज्योतीवर एक पैसाही लावू नका. बनावट मालात मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) आणि इथेनॉल (पिण्याच्या दारूतलं अल्कोहोल) मिसळलेलं असतं, त्या मिश्रणाची ज्योत काही सांगत नाही. चवीने, वासानेही कळत नाही. मिथेनॉल स्वतः सुरुवातीला साध्या दारूसारखंच वागतं. यकृत त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं, त्याने डोळ्याची नस मरते. म्हणून त्रास उशिरा येतो, साधारण १२ ते २४ तासांनी, सोबत साधी दारूही असेल तर आणखी उशिरा. धुक्यातून किंवा बर्फ पडत असल्यासारखं दिसतं, पोटात दुखतं, धाप लागते. हँगओव्हरमध्ये दृष्टी धूसर होत नाही. तसं झालं तर त्याच वेळी रुग्णालय, आणि ज्यांनी ज्यांनी तीच बाटली घेतली त्या सगळ्यांना घेऊन, बरं वाटत असलं तरी. प्रतिविष आहे, वेळेत दिलं तर डोळे वाचतात.

जुनाट:
छोटे खुलासे, कारण व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलं गेलं. "अल्कोहोल फ्री" लिहिलेल्या बिअरमध्ये अनेक ठिकाणी अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकतं. ०.० लिहिलेलं वेगळं, वेष्टन वाचा. आणि शिजवताना घातलेली दारू "सगळी उडून जाते" हे खरं नाही. मिसळून पंधरा मिनिटं शिजवली तर सुमारे ४० टक्के उरते, तासाभराने २५, अडीच तासांनी ५. ज्यांना औषधामुळे किंवा सोडल्यामुळे अजिबात नको आहे त्यांना विचारून वाढा.

नवा_गडी:
बरेच दिवस फक्त वाचतो, आज खातं उघडलं. रोज अर्ध्या बाटलीच्या आसपास होते, काही वर्षं झाली. सकाळी हात थरथरतात, एक घेतली की थांबतात. हा धागा वाचून ठरवलं, उद्यापासून एकदम बंद. घरात आहे ती सगळी ओतून देणार.

डॉ_निशाचर:
@नवा_गडी, निर्णय उत्तम, पद्धत नको. आज ओतू नका. सकाळी थरथर आणि घेतल्यावर थांबते, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून आहे. अशा माणसाने घरी एकट्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम, ताप, नसलेल्या गोष्टी दिसणं सुरू होऊ शकतं. ते जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस गोळ्या आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन हेच काम बिनधोक होतं. उद्या सकाळी व्यसनमुक्ती विभाग असलेल्या रुग्णालयात किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जा, सोबत कोणाला तरी घ्या, आणि किती घेता ते कमी करून सांगू नका. आधी कधी फिट आली असेल तर तेही सांगा.

कोरडा_पाषाण:
नवा_गडी, मी सोडून बरीच वर्षं झाली. नाव त्यावरूनच घेतलं आहे. रुग्णालयात दाखल होऊनच सोडली होती. व्यनि केला आहे, केव्हाही लिहा.

खवचट_खापर:
@कोरडा_पाषाण, वरचा आजोबांचा मुद्दा मागे घेत नाही, पण सूर खाली करतो.

नवा_गडी:
भावाशी बोललो. सकाळी तो येतोय, जाऊन येतो.

सांजवारा:
शुभेच्छा भाऊ, काय झालं ते सवडीने कळवा.

आमच्या टोळक्याला सांगायला मी एवढं उचललं: घरी माप आणायचं, आधी खायचं, तासाला एका स्मॉलच्या वर जायचं नाही, मध्ये एक ग्लास पाणी, भरलेल्या ग्लासात वरून ओतू द्यायचं नाही. परत कोण आणणार ते पहिल्या घोटाच्या आधी ठरवायचं, आणि तो माणूस "एकच घेतली" वाला नको, शून्यवाला हवा. काही सुटलं?

आकडेमोड:
दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कधी काढायची ते. एकूण ग्रॅम भागिले सात, पहिल्या घोटापासून तेवढे तास, वर थोडे जास्तच धरा. सात यासाठी की सावकाश उतरणारा माणूसही त्यात बसावा.

फेसाळ:
आणि तपासणीच्या आधी माउथवॉशने चूळ भरणाऱ्यांसाठी काही नियम?

पहाटपक्षी:
@फेसाळ, अनेक माउथवॉशमध्येच अल्कोहोल असतं, काहींत वीस टक्क्यांच्या वर. चूळ भरून लगेच फुंकलंत तर न पिताही आकडा वर जातो. आमच्याकडे पंधरा मिनिटं बसवून ठेवतात आणि परत फुंकायला लावतात. तोंडातलं तेवढ्यात उडून जातं, फुप्फुसातून येणारं जात नाही. तो सहकारी त्या दिवशी आधी चूळच भरून आला होता.